जुन्या ठोक्याच्या घड्याळाचा गजर पुन्हा वाजवायचा असेल तर

कोल्हापुरात मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशा भागांत जुना वाडा उतरवायला घेतला, की माळ्यावरच्या तांब्या-पितळेबरोबर एखादं ठोक्याचं घड्याळही खाली येतं. लाकडी पेटी, पुढे काचेचं दार, आत लंबक. परदेशात अशी घड्याळं शेकोटीवरच्या फळीवर ठेवत. आपल्याकडे ती कोनाड्यात नाहीतर सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, फळीवर बसली. त्यातल्या काहींच्या डायलच्या मधोमध, काट्यांच्या मागे, दीड-दोन इंचांची पितळी चकती असते आणि तिच्यावर पुन्हा १ ते १२ आकडे असतात. ही चकती दिसली की समजायचं, घड्याळाला गजर आहे. घरातल्यांना विचारलंत तर बहुतेकदा उत्तर येतं, "तो वाजलेला आम्ही कधी ऐकलाच नाही."

असं घड्याळ पहिल्यांदाच हाती आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं सांगणं एकच आहे: सुरुवात गजरापासून करा. सगळे जण आधी वेळ, मग ठोके, आणि गजर राहिला तर राहिला अशा क्रमाने जातात. त्या नादात गजराची तार कापली जाते, घंटा भंगारात जाते, हातोडी कुठल्या तरी डब्यात पडून राहते. खरं तर पेटीतलं सगळ्यात साधं यंत्र गजराचंच. त्याची कमान, म्हणजे चावीने ताणली जाणारी स्प्रिंग, वेगळी, चाकं वेगळी, काम वेगळं. ते नीट समजलं की बाकीच्या घड्याळाची भीती आपोआप कमी होते.

आधी नुसतं बघा

पहिले दोन-तीन दिवस चावीला हात लावू नका. घड्याळ उजेडात ठेवा, दार उघडा, लंबक काढून बाजूला ठेवा आणि टॉर्च घेऊन आत बघा. मोबाईलवर फोटो काढा, चारही बाजूंनी, आतले जास्त. पुढे काहीही उघडलं तरी हे फोटोच तुम्हाला वाचवतील.

अमेरिकन घड्याळांत, म्हणजे ॲन्सोनिया, सेथ थॉमस, वॉटरबरी, न्यू हेवन यांसारख्या कारखान्यांच्या मालात, गजराचं मशीन पुष्कळदा मुख्य मशीनपासून अलग असतं. खाली, मागच्या फळीवर, एका छोट्या लोखंडी चौकटीत ते स्क्रूने बसवलेलं दिसेल. शेजारी घंटा, आणि वरच्या मशीनपासून खाली येणारी एक बारीक तार. काही जर्मन घड्याळांत मात्र गजर मुख्य मशीनमध्येच गुंतवलेला असतो आणि त्याच्या चावीचं भोक वेगळं असतं. तुमच्याकडचं कोणतं, हे आधी ठरवा.

मग खुणा शोधा. मशीनच्या मागच्या प्लेटवर आठ टोकांचा तारा आणि त्यात 'जे' अक्षर असेल तर ते युंगहान्स, जर्मनीतल्या श्राम्बर्गचं. ही कंपनी १८६१ सालची. एकमेकांना छेदणारे दोन बाण असतील तर हॅम्बर्ग अमेरिकन क्लॉक कंपनी. सेइकोशा दिसलं तर जपान. हातोरी किंतारो यांनी तो कारखाना टोकियोत १८९२ साली काढला. डायलवरच्या नावावर मात्र विसंबू नका. वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई असं काही छापलेलं असेल तर ते विकणाऱ्याचं नाव असू शकतं. मशीन कुणाचं, ते प्लेटच सांगते. प्लेटवर पेटंटची तारीख असेल तर घड्याळ त्या तारखेनंतरचं आहे, एवढाच तिचा अर्थ. ती घड्याळाची जन्मतारीख समजून विकणारे आणि घेणारे दोघंही बरेच भेटतात.

घड्याळ घरचं नसून विकत घेणार असाल तर मागच्या फळीवरची भोकं मोजा. चकती आहे, पण खाली गजर नाही आणि चार रिकामी स्क्रूची भोकं आहेत, म्हणजे गजर कुणीतरी काढून टाकलाय. भोकंच नाहीत आणि चकती आहे, म्हणजे डायल किंवा मशीन दुसऱ्या घड्याळातून आलंय. चकचकीत पांढरा कागदी डायल, त्यावर जुनं नाव आणि पेटी मात्र काळवंडलेली, अशी जोडणी दिसली तर भाव करताना ते लक्षात घ्या. मी असं घड्याळ घेऊच नका म्हणणार नाही. जोडलेलं घड्याळही छान चालतं. पण अस्सल म्हणून पैसे मोजू नका.

गजर वाजतो कसा

हे एकदा डोळ्यांनी बघितलंत तर पुढचं सगळं सोपं आहे. चकती तास काट्याच्याच नळीवर घट्टसर बसवलेली असते, त्यामुळे ती तास काट्याबरोबर हळूहळू फिरते. तुम्ही बोटाने फिरवलीत तर घसरून नव्या जागी बसते आणि तिथून पुन्हा काट्याबरोबर चालू लागते. चकतीच्या मागे एक कडं असतं आणि त्याला एक खाच. कड्यावर एक पट्टी टेकलेली असते. तास काटा ठरल्या जागी पोचला की पट्टी खाचेत पडते, तिला जोडलेली तार हलते, आणि या तारेने इतका वेळ अडवून धरलेला हातोडीचा दांडा मोकळा होतो.

आता कमान चाकाला ढकलते. चाकाच्या दात्यांवर दोन पायांची एक पट्टी डोलते: एक दाता एका पायाला ढकलून सुटतो, लगेच दुसरा दाता दुसऱ्या पायाला. हातोडी याच पट्टीच्या दांड्यावर असते, म्हणून ती डावी-उजवी थरथरत घंटेवर आपटते. लंबक नाही, वेग आवरणारं दुसरं काही नाही. हातोडीचं वजन हाच त्याचा लगाम. म्हणून कुणी हातोडी बदलून हलकी बसवली की गजर किरकिरतो, आणि घंटा जरा दूर सरकली की नुसती खडखड होते, नाद येत नाही.

आणि यात बंद करायचं बटण नसतं. गजर सुटला की कमान रिकामी होईपर्यंत वाजतो. तेव्हा जितकी चावी, तितका गजर. अर्धा फेरा दिलात तर थोडा वेळ, पूर्ण दिलीत तर सोपा दणाणून सोडेल. ज्या रात्री गजर नको, त्या रात्री त्याला चावीच द्यायची नाही. मला या यंत्रातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते: किती वाजायचं ते झोपण्यापूर्वी आपल्या हाताने मोजून ठरवायचं.

गजर लावायची रीत

समजा पहाटे साडेचारला उठून अंबाबाईच्या देवळात दर्शनाला जायचंय, किंवा घरातल्या पोराला तालमीत मेहनतीला पाठवायचंय. घड्याळ बारा तासांचंच आहे, त्याला दिवस आणि रात्र कळत नाही. म्हणून गजराला चावी संध्याकाळी साडेचार उलटून गेल्यावरच द्यायची. दुपारी तीनला दिलीत तर तो त्याच दिवशी साडेचारला चहाच्या वेळी वाजणार.

चकती काट्यांच्या फिरण्याच्या दिशेने, बोटाच्या टोकाने, हलकेच फिरवा. काही चकत्यांवर बाण कोरलेला असतो. तो असेल तर त्याचंच ऐका. फिरवताना अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका, कारण उलट दिशेने रेटलं की पट्टी खाचेच्या कडेवर अडून वाकते. साडेचार म्हणजे ४ आणि ५ च्या मधली जागा तास काट्याखाली आली की झालं. चकती काट्याबरोबरच फिरत असल्यामुळे काट्याखालचा हा आकडा दिवसभर बदलत नाही, त्यामुळे गजर किती वाजताचा लागलाय हे कधीही बघून कळतं.

पण आकडा तास काट्याच्या टोकाखाली वाचायचा की मागच्या आखूड शेपटीखाली, हे घड्याळागणिक वेगळं असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर उत्तम. नसेल तर असं करा. गजराला अर्धाच फेरा चावी द्या. मिनिट काटा बोटाने पुढे, फक्त पुढेच, सावकाश फिरवा. ठोके चालू असतील तर प्रत्येक तासाला थांबून ते पूर्ण वाजू द्या. गजर सुटला त्या क्षणी हात थांबवा आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहा. आता चकतीवर तोच आकडा कुठे आहे, टोकाखाली की शेपटीखाली, ते बघा. पुन्हा एकदा करून खात्री करा आणि चिठ्ठी पेटीच्या आत चिकटवून ठेवा. पुढच्या पिढीला ती उपयोगी पडेल.

वेळ मिनिटाला तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन इंची चकतीचा घेर साधारण १६ सेंटीमीटर, म्हणजे एका तासाच्या वाट्याला १३ मिलिमीटर येतात, आणि पाव तास म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. दहा-पंधरा मिनिटांचा फरक हा बिघाड नव्हे. फरक त्याहून मोठा असेल तर आधी तास काटा तपासा: मिनिट काटा १२ वर असताना तास काटा बरोबर आकड्यावर हवा. तो सरकलेला असेल तर नळीवर हळूच फिरवून जागी आणता येतो, आणि पुष्कळदा गजरही त्यानेच जुळतो.

चावी देताना दोन गोष्टी. चावी चौकोनी टोकावर गच्च बसणारी हवी. सैल चावीने टोकाचे कोपरे झिजतात आणि मग कुठलीच चावी बसत नाही. व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीने, टोकाची रुंदी मोजून घ्या आणि त्या मापाची चावी मागा. दुसरं, गजराची चावी कधीकधी वेळेच्या चावीच्या उलट दिशेने फिरते. ज्या दिशेला कट-कट असा अडणीचा, म्हणजे कमान उलटी सुटू न देणाऱ्या खिट्टीचा, आवाज येतो ती बरोबर. प्रत्येक वळशानंतर अडण धरल्याची खात्री झाल्याशिवाय बोटं सोडू नका. अडण निसटली तर चावी गर्रकन उलटी फिरून बोटं सोलवटते. गजराच्या वेळेच्या आसपास चावी देऊ नका, पट्टी खाचेतच असेल तर तो हातातच वाजायला लागेल.

बाकीचं घड्याळ, थोडक्यात

काटे मागे फिरवायचे नाहीत. वेळ पुढे गेली असेल तर लंबक थांबवा आणि घड्याळाला तितका वेळ उभं राहू द्या. ठोके चुकीचे पडत असतील, म्हणजे तीन वाजता पाच, तर घाबरू नका. जुन्या पद्धतीत ठोके खाचांचं एक चाक मोजतं. बारा तासांत ७८ ठोके, अर्ध्या तासाचा एकेक धरला तर ९०, ही गणती ते चाक काट्यांकडे न बघता करत असतं. म्हणून काटे आणि ठोके यांची ताटातूट होते. अशा बऱ्याच मशीनांत खाली लोंबणारी एक तार असते. ती वर उचलली की ठोके पडतात. काट्याशी जुळेपर्यंत तसं करत राहा.

टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं नसेल तर घड्याळ काही वेळाने थांबणारच. हलगीचा ताल चुकलेला जसा कानाला लगेच कळतो तसंच हे, डोळे मिटून ऐका. पेटीच्या एका बाजूखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, ताल सरळ झाला की तिथेच ठेवा. लंबकाला ढकलणारी तार जरा वाकवून ताल जुळवायचं काम नंतर जाणत्याकडून करून घेता येईल.

घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाखालचं नट फिरवून गोळा जरा वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. ऋतूचाही परिणाम होतो. पोलादी दांडा उन्हाळ्यात लांबतो. तापमान १० अंशांनी वाढलं की घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडतं, पितळी दांडा असेल तर ८ सेकंद. एप्रिलमध्ये दोष शोधत बसण्याआधी एवढं आठवा.

तेल

सगळ्यात जास्त नासाडी प्रेमाने घातलेल्या तेलाने होते. खोबरेल तेल अजिबात नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं आणि आपल्याकडे थंडीतल्या पहाटे त्याहून कितीतरी गार असतात. नेमका पहाटेचा गजर त्यामुळे अडकतो. शिलाई मशीनचं तेलही नको, स्प्रे तर नकोच. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं आणि ते सुईच्या टोकावर मावेल इतकंच लागतं: चाकांच्या दांड्या प्लेटच्या भोकात जिथे फिरतात तिथे, आणि गजराच्या डोलणाऱ्या पट्टीच्या दोन पायांना पुसटसं. चाकांच्या दात्यांना तेल लावायचं नाही. जुन्या काळ्या तेलावर नवं घातलं तर त्यात धूळ कालवली जाते आणि ती भोकं लांबट झिजवते, तेव्हा आधी सफाई, मग तेल.

पितळेला चिंच लावून घासायचा मोह आवरा. घरच्या तांब्याला ते चालतं, पण डायलवरचा रुपेरी मुलामा आणि मशीनवरचं लॅकर त्याने निघून जातं. लाकडी पेटीवर जुनं फ्रेंच पॉलिश असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवू नका. ते पॉलिश लाखेचं असतं आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. कोरडा मऊ फडका पुरे. कागदी डायल तर पुसायचाच नाही. अंधारात चमकणारे आकडे असलेलं जुनं गजराचं घड्याळ हाती आलं तर ते आकडे खरवडू नका, त्या रंगात रेडियम असू शकतं.

मुख्य कमानी मात्र स्वतः सोडवू नका. आठवडाभर घड्याळ चालवणाऱ्या कमानीत भरपूर जोर असतो आणि ती सुटली तर हात फाडते, सोबत चाकाचे दातेही घेऊन जाते. गजराची कमान नवख्यालाही सोडवता येते, कारण ती वाजवून रिकामी करता येते. मागच्या फळीवरचं गजराचं मशीन काढायचं असेल तर आधी ते पूर्ण वाजू द्या, चावी फिरवून कमान सैल झाल्याची खात्री करा आणि मगच स्क्रू काढा.

पाऊस आणि पूर

जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला लागून घड्याळ ठेवू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. वाळवीसाठी मागची फळी महिन्यातून एकदा ठोकून बघा.

नदीकाठच्या भागात राहत असाल तर घड्याळाला पुराच्या यादीत धरा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की लंबक काढून घड्याळ वरच्या मजल्यावर न्या. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. जुन्या पेट्या सरसाने जोडलेल्या असतात आणि सरस पाण्यात सुटतो. भिजलेली पेटी उन्हात ठेवलीत तर वरचा लाकडी पापुद्रा उचलतो आणि फळ्या वाकतात. तिला सुतळीने चहूबाजूंनी बांधा आणि सावलीत, पंख्यापासून दूर, आठवडे लागले तरी हळूहळू वाळू द्या. सुटलेला प्रत्येक तुकडा पिशवीत जपा. मशीनमध्ये गाळ गेला असेल तर चावी द्यायची नाही, कारण त्यातली रेती दांड्या खाते. स्वच्छ पाण्याने गाळ काढा, गार हवेच्या ड्रायरने वाळवा आणि गंज धरायच्या आत, त्याच आठवड्यात, कारागिराकडे पोचवा.

घड्याळजीकडे जाताना

लंबक, चावी आणि गजराची घंटा वेगळ्या कापडात गुंडाळा. दुचाकीवर नेताना घड्याळ मांडीवर उभं धरा. महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी या भागांत विचारत जा आणि लंबकाच्या घड्याळांवर हात बसलेला कारागीर शोधा. मनगटी घड्याळाची बॅटरी बदलणं हे वेगळं काम आहे. घंटेचा तुटलेला दांडा, हरवलेलं नट, चावी असल्या गोष्टी उद्यमनगरातला चांगला लेथवाला नमुना बघून बनवून देतो. झिजलेल्या भोकात बारीक बुश, म्हणजे पितळी नळी, बसवायचं काम मात्र घड्याळजीनेच करावं, तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाने फरक पडतो.

काम देताना स्पष्ट सांगा, "काका, वेळ आणि ठोके तर बघाच, पण गजर काढू नका. तो दुरुस्त होणार नसेल तर आहे तसा जागेवर राहू दे." गजर काढला की घड्याळ लवकर चालू करून देता येतं, म्हणून बरेच जण तो न विचारता काढतात. एखादा भाग बदलावाच लागला तर जुना भाग परत मागा आणि पुडीत घालून पेटीतच ठेवा. घ्यायला जाल तेव्हा दुकानातच चकती फिरवून, अर्धा फेरा चावी देऊन, मिनिट काटा पुढे नेऊन गजर वाजवून बघा, आणि पैसे त्यानंतर द्या.